वाशीतील मंडळी-नेतृत्व वर्ग : निवडीबाबत भरीव, हिशेबाबाबत मोघम

ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे स्थानिक चर्चमधील, वडील (एल्डर), सेवक (डीकन) आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांच्यासाठी वाशीत शनिवारी दुपारी भरणारा नेतृत्वाचा मराठी वर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क माफक आहे, सभागृह स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे आणि पंखे गरगरू लागले की मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही. व्यवस्थेविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

वर्गात सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांचे लोक होते, तसेच कोपरखैरणे-घणसोलीकडे भाड्याच्या जागेत उपासना करणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांचेही होते. कोणाकडे बिशप (अनेक मंडळ्यांवरचा प्रमुख), कोणाकडे मंडळीची सभा, तर कोणाकडे पाळकांचा (पास्टरचा) शब्द अखेरचा, त्यामुळे वाद पेटायला वेळ लागला नसता. शिकवणाऱ्या पाळकांनी मात्र कोणत्याही एका रचनेवर शिक्कामोर्तब केले नाही. इफिसच्या ज्या वडिलांना प्रेषित पौलाने मिलेत येथे बोलावले, त्यांनाच तो कळपाचे अध्यक्ष, म्हणजे देखरेख करणारे (‘बिशप’ हा शब्द याच अर्थाचा), म्हणतो, आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नातियसच्या पत्रांत मात्र एक बिशप व त्याच्यासोबत वडील व सेवक अशी रचना दिसते, एवढे त्यांनी नीट मांडले आणि पुढे गेले.

सर्वांत सरस सत्र पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर झाले. त्यांनी वाटलेल्या कागदावर एका बाजूला अध्यक्षाची आणि दुसऱ्या बाजूला सेवकांची पात्रता छापली होती. अध्यक्षाच्या रकान्यात शिकवण्याचे कौशल्य आणि घराचा कारभार हे दोन मुद्दे सोडले तर उरलेले जवळजवळ सगळे स्वभावाविषयी आहे : तो मद्यपी नसावा, भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, नवशिका नसावा. सेवकांची तर आधी पारख व्हावी असे स्पष्ट म्हटले आहे. बाहेरच्या लोकांत चांगले नाव असावे, ही अट वाचताच एका बाईंनी विचारले, ‘आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांना विचारायचं का?’ पाळक म्हणाले, ‘जरूर विचारा.’ वर्ग हसला, पण रविवारी रात्री फ्लॅटमध्ये ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना चालवणारे दोघे-तिघे गप्प झाले.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्यायही त्यांनी चांगला उलगडला. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आल्यावर प्रेषितांनी आपल्या मर्जीतली माणसे नेमली नाहीत. सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले. स्तेफन व फिलिप्प यांच्यासह त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कारभार गेला असे दिसते. आपल्याकडे मंडळीच्या निवडणुकीत गावकी-भावकी कशी चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या करारात सासरा इथ्रो याने मोशेला दिलेला सल्ला मात्र कंपनीच्या पदरचनेचा तक्ता दाखवून उरकला. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायचे, हे तक्त्यात आले. पण ते नायक देवाला भिणारे, सत्यप्रिय आणि लाचलुचपतीचा तिटकारा असणारे असावेत, ही त्याच वचनातली अट गळाली. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचा उल्लेख तर ओझरताच आला, आणि वर्गात निम्म्या स्त्रिया असताना ते खटकले.

माझी मुख्य तक्रार यापुढची आहे. अर्पणाचा हिशेब कोणी तपासावा, असे एका गृहस्थांनी विचारले तेव्हा ‘पुढच्या सत्रात घेऊ’ असे उत्तर मिळाले, आणि ते सत्र आलेच नाही. वास्तविक साहित्य हाताशी होते. यरुशलेमसाठी जमवलेली देणगी पोहोचवताना कोणी दोष लावू नये म्हणून पौल मंडळ्यांनी निवडलेल्या माणसाला सोबत घेतो, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. वडिलांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये, आणि पाप करीत राहणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा, हे तीमथ्याच्याच पत्रात दोन अध्याय पुढे आहे. पहिला अर्धा भाग वडीलधाऱ्यांना आवडतो आणि दुसरा विसरला जातो. या वर्गात तर दोन्ही राहिले.

नव्याने निवडून आलेल्या सेवकांनी हा वर्ग अवश्य करावा. खजिनदारांनी मात्र नाव नोंदवण्याआधी हिशेबाचे सत्र घेणार का, हे आयोजकांकडून लेखी विचारून घ्यावे.