पेट्यांचा हिशेब: आधी सॉफ्टवेअर की आधी माणसं?

देवगडकडच्या आंबा बागायतदाराला हिशेब सुधारायचा झाला, की दोन वाटा दिसतात. एक, तयार सॉफ्टवेअर घ्यायचं आणि माणसांनी त्याप्रमाणे वागायचं. दुसरी, आधी खळ्यात बसून काम बघायचं आणि जिथे अडतं तिथेच फोन आणायचा.

पहिली वाट दिसायला देखणी. वाशीच्या मार्केटला किती पेट्या गेल्या, घरपोच किती, उधारी कोणाकडे, सगळं एका बटणावर. पण एप्रिलात सकाळचा तोडा खळ्यात उतरला, की प्रतवारी करणाऱ्या बायकांचे हात चिकाने माखलेले असतात. त्या हातांनी टचस्क्रीन? आमच्याकडे हे करून झालंय. आठवडाभरात सगळ्या नोंदी रात्री एकटी वहिनी भरत होती, तेही वहीत बघूनच. काम कमी व्हायचं सोडून दुप्पट झालं.

दुसऱ्या वाटेत पेटीवर नेहमीसारखा खडूने आकडा लिहायचा, ४ डझन, ५ डझन. गाडी भरायच्या आधी रांगेचा एक फोटो. शीटमध्ये नोंद एकाच माणसाने करायची, आणि यूपीआयने आलेले पैसे त्यानेच जुळवायचे. शिकवायला अर्धा तास लागला, त्यातला निम्मा चहात गेला.

निर्यातीचा माल असेल तर मात्र फोटोंवर भागत नाही. तिथे बऱ्याच देशांसाठी बागेची मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदणी लागते, कुठला आंबा कुठल्या बागेतला हे दाखवावं लागतं. तिथे सॉफ्टवेअरच बरं.

आमचा माल मुंबई-पुण्यापलीकडे जात नाही. त्यामुळे यंदा खडू आणि फोटो. बाकीचं गणपतीनंतर बघू.