हार्डवायरिंगचे पैसे घेतले आणि डब्यात प्लग लपवला

इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर घरी बसवणार असाल तर दोन मिनिटं काढून हे वाचा, आमच्याकडे आग लागता लागता राहिलीये.

७ किलोवॅटचा चार्जर बसवायला एक वायरमन बोलावला होता. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की मला प्लग-सॉकेट नकोय, वायर थेट चार्जरच्या टर्मिनलला जोडून द्या, कारण गाडी रात्रभर सहा-सात तास सलग ३२ अँपिअर खेचणार. तो हो हो म्हणाला, बिलात पण लिहून दिलं, हार्डवायर फिटिंग, ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, टाईप ए आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच). दोन तासात काम उरकलं. चार्जरखाली एक पांढरा बंद डबा लावला होता, हे काय विचारलं तर म्हणाला जॉइंट बॉक्स आहे, उघडू नका, वॉरंटी जाईल. मी विश्वास ठेवला, तिथेच चुकलं.

दीडेक महिन्यानं रात्री आई उठवायला आली, म्हणाली काहीतरी जळल्याचा वास येतोय. सगळं घर हुंगत फिरलो आणि शेवटी त्या डब्याला हात लावला तर चटकाच बसला. मेन बंद केला आणि सकाळी दुसऱ्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी चार स्क्रू काढले, आत साधा १६ अँपिअरचा सॉकेट, आणि चार्जरच्या केबलला प्लग टॉप लावून त्यात खोचलेला! सॉकेटचं एक भोक वितळून वाकडं झालेलं, प्लगची पिन काळीनिळी पडलेली, आणि ६ ची जाड वायर सॉकेटच्या टर्मिनलमध्ये बसेना म्हणून त्यानं तिच्या जवळजवळ अर्ध्या तारा छाटून उरलेल्या आत कोंबल्या होत्या. छाटलेल्या तारांचे तुकडे अजून डब्याच्या तळाशी पडलेले होते. ते बघून पोटात गोळा आला, कारण ही चूक नव्हती, जाणूनबुजून केलेलं होतं.

मी काकांना विचारलं की मग एमसीबी का नाही पडला? त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला माहीत पाहिजे. एमसीबी फक्त करंट जास्त झाला की पडतो, आणि करंट तर ३२ च होता, एमसीबी ४० चा, म्हणजे त्याच्या दृष्टीनं सगळं ठीकच चाललेलं. आरसीसीबी फक्त गळती बघतो, गळती पण नव्हती. ढिल्या जोडात नुसती उष्णता तयार होते आणि ती या दोघांनाही दिसत नाही. करंट दुप्पट झाला की तीच उष्णता चौपट होते, जोडाचा रेझिस्टन्स ०.१ ओहम जरी धरला तरी १६ अँपिअरला साधारण २५ वॅट आणि ३२ ला १०० वॅटच्या वर, तेही एवढ्याशा बंद डब्यात तासन् तास. इस्त्री, गीझर थोडा वेळ चालतात आणि बंद होतात, म्हणून तिथे असला जोड खपून जातो, गाडीला नाही खपत.

प्लगचा चार्जर वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. त्या करंटसाठीच बनवलेला इंडस्ट्रियल सॉकेट असेल, किंवा चार्जर १६ वर किंवा त्याहून खाली सेट केलेला असेल आणि सॉकेट चांगला असेल तर चालतो, बऱ्याच प्लगवाल्या चार्जरमध्ये प्लगच्या आत टेंपरेचर सेन्सर पण असतो. आमच्या चार्जरला तो नव्हता कारण तो मुळात प्लगसाठी बनवलेलाच नव्हता.

मग आरसीसीबी पण बघितला. टाईप ए वर लहरीच्या चिन्हाखाली अर्ध्या लहरींचं अजून एक चिन्ह असतं, आमच्यावर नुसती एक लहर, म्हणजे टाईप एसी. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळती झाली तर हा आंधळा होऊ शकतो, खरा शॉक बसताना पण पडेल याची खात्री नाही. बिल टाईप ए चं, हे परत वेगळंच.

तुम्ही काम करून घेताना समोर उभे राहा, आणि पैसे द्यायच्या आधी सगळी झाकणं उघडून दाखवायला सांगा. वायरवर साईज छापलेली असते ती वाचा, तारांच्या टोकाला लग (दाबून बसवायची धातूची टोपणं) लावलेत का बघा, चार्जरच्या आतलं करंटचं सेटिंग वायर आणि एमसीबीला जुळतंय का विचारा. पहिल्या आठवड्यात गाडी तासभर चार्ज झाल्यावर डब्याला बाहेरून हात लावून बघा. वॉरंटी जाईल म्हणून कुणी झाकण उघडून दाखवत नसेल तर पैसे देऊच नका.

काकांनी सॉकेट काढून टाकला, वायरचं छाटलेलं टोक कापून नवीन लग दाबले आणि थेट चार्जरला जोडलं, आरसीसीबी पण बदलला. आता रात्रभर चार्ज करून सकाळी हात लावला तर गार असतं. पहिला वायरमन फोन उचलत नाही. तो वितळलेला सॉकेट, बिल आणि डब्यातले तारांचे तुकडे एका पिशवीत घालून ठेवलेत, ग्राहक तक्रारीसोबत तेच लावणार आहे.