प्रीॲम्प घ्यायच्या आधी एक रुपयाचा रेझिस्टर घ्या

आमचा स्टुडिओ म्हणजे अमळनेरच्या घराची वरची खोली, भिंतींना गोधड्या आणि दाराला जुनी गादी, बस एवढंच. अहिराणी गाणी, लग्नाच्या व्हिडिओचे व्हॉइसओव्हर, निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षाचं रेकॉर्डिंग, असं काम चालतं. यंदा मे महिन्यात एक काम आलं, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी श्रावणाच्या आत तयार पाहिजेत आणि गाणार सत्तरीच्या एक आजी. आजींचा आवाज इतका बारीक की खोलीत दोन जण बोलत असले तर ऐकू येणार नाही, पण सूर एकदम जागेवर. पहिल्याच टेकला हेडफोन लावला तर आजींच्या मागे नुसतं सूंऽऽऽ. तिथून मला प्रीॲम्पचं, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या डब्याचं, वेड लागलं आणि पुढचा दीड महिना त्यातच गेला.

माझ्याकडे माईक शुअरचा एसएम७बी आणि इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा, त्यात साधा प्रीॲम्प असतोच) फोकसराईट स्कार्लेट २आय२, तिसऱ्या जनरेशनचा. आता हिशोब बघा. हा माईक डायनॅमिक आणि त्यात भलता आळशी, ९४ डेसिबलचा आवाज दिला तर जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट बाहेर काढतो, म्हणून याला ६० डेसिबल तरी गेन, म्हणजे वाढवून देणं, पाहिजे असं सगळे सांगतात. इंटरफेसचा गेन आहे ५६. म्हणजे नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी लेव्हल अर्ध्यावरच, यात इंटरफेसचा काही दोष नाही, आपणच त्याच्याकडून जास्त मागतोय. रोडचा एनटी१-ए, म्हणजे वीज लागणारा कंडेन्सर माईक, तो पण आहे माझ्याकडे, तो तेवढ्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो म्हणजे जवळजवळ २७ डेसिबल जोरात, पण त्यावर आजींच्या आधी शेजारच्यांचा कूलर रेकॉर्ड होतो. (डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज घेत नाही असं म्हणतात ते तसं खरं नाही, तो तोंडाच्या अगदी जवळ चालतो म्हणून बाकीचं मागे पडतं, जादू काही नाही त्यात.)

मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे भाऊ १०७३ टाईपचा प्रीॲम्प घ्या, हिसचा, म्हणजे त्या सूंऽऽऽचा, विषयच संपेल. किंमत ऐकली तर चार-पाच क्विंटल कापसाचे पैसे. म्हटलं थांबा, आधी कोणाकडून वापरून बघू. नाशिकच्या मित्राकडे होता, त्याने आठ दिवसांसाठी दिला. कंपनीचं नाव नाही घेत, ओरिजिनल नीवची नक्कल आहे. ओरिजिनल १०७३ ही १९७० ची वस्तू, रूपर्ट नीव यांची, आत ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर तो लाल नॉब जो पाच-पाच डेसिबलने कट् कट् करत फिरतो. हा पण तसाच कट् कट् फिरतो, मजा येते फिरवायला खोटं कशाला बोलू.

जोडताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. प्रीॲम्पचं आउटपुट एक्सएलआर वायरने (माईकची तीन पिनांची असते ती) इंटरफेसच्या माईक इनपुटला लावलं, म्हणजे प्रीॲम्पवर प्रीॲम्प, आवाज एकदम फाटला. टीआरएसची जाड पिन लावून लाईन इनपुटला द्यायचं असतं.

आजींच्या आवाजावर लावला. आवाज थोडा भरीव झाला, पण सूंऽऽऽ? तेवढाच! रात्री एक वाजता डोक्यात आलं की मी हे ऐकतोय ते नेमकं काय ऐकतोय. सकाळी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १५० ओहमचा रेझिस्टर आणला, एक रुपया. जुन्या एक्सएलआर पिनमध्ये दोन आणि तीन नंबरला सोल्डर केला, टोपण लावलं आणि माईकच्या जागी तीच पिन खोचली. आता प्रीॲम्पला वाटतं माईक लागलाय, पण त्याला ऐकू काहीच येत नाही. फँटम (वायरमधून माईकला दिली जाणारी वीज) बंद, गेन फुल, हेडफोन कानाला. हलकासा हिस, जसा लांब कुठेतरी बारीक पाऊस. आता पिन काढून माईक लावला, आणि मीटर एकदम वर. म्हणजे त्या सूंऽऽऽ मधला बराचसा हिस्सा प्रीॲम्पचा नव्हताच हो, कूलर बंद करूनही खिडकीतून येणारा गल्लीतला चार घरांचा कूलर होता तो, आणि खाली एक बारीक घूंऽऽ, तो ५० हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचा.

ही टेस्ट केल्यावर आकड्यांचा अर्थ लागला. १५० ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचाच हिस असतो, उष्णतेमुळे, तो साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलच्या लेव्हलचं माप, उणे जितकं जास्त तितका हिस कमी). त्याच्या खाली कोणताच प्रीॲम्प जाऊ शकत नाही, लाखाचा असो की पाच लाखाचा. माझ्या इंटरफेसचा आकडा कंपनी देते उणे १२८, तो ए-वेटेड, कानाला कमी ऐकू येतं ते कमी धरून मोजलेला, म्हणजे एक-दोन डेसिबल चांगला दिसणारा, तरी धरून चाला की खालची हद्द जवळच आहे. मग कापूस विकून हिस किती कमी होणार? चार-पाच डेसिबल, तेही झाले तर. आणि गंमत म्हणजे हा हिस तापमानावर असतो, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत तो लंडनच्या एसी स्टुडिओपेक्षा पाव-अर्धा डेसिबल जास्तच. उन्हाळा इथे पण सोडत नाही.

तो ५० हर्ट्झचा घूं लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब. घर जुनं, वरच्या खोलीच्या बोर्डला अर्थिंगची वायर नावालाच होती. वायरमनला बोलावलं, मागच्या अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. कोणत्याही प्रीॲम्पने दिला नसता एवढा फरक त्या खड्ड्याने दिला.

लेव्हल कमी हा प्रॉब्लेम मात्र खरा होता. त्यासाठी शेवटी ट्रायटन ऑडिओचा फेटहेड घेतला, बोटाएवढी नळी, माईक आणि वायरच्या मध्ये बसते, इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटमवर चालते आणि २७ डेसिबलपर्यंत गेन वाढवते. १०७३ वाल्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त. फँटम तो स्वतःच खातो, पुढे माईकला जाऊ देत नाही, त्यामुळे साध्या फेटहेडवर कंडेन्सर चालणार नाही हे लक्षात ठेवा. हिस कमी झाला का, थोडासा, खोटी स्तुती नाही करत. पण नॉब आता दोन वाजताच्या जागेवर राहतो, लेव्हल पुरते, आणि गाताना आजी हळू झाल्या तरी माझा जीव वरखाली होत नाही.

नवीन इंटरफेस घेणाऱ्याने मात्र फेटहेडच्या भानगडीत पडू नये. २आय२ च्या चौथ्या जनरेशनला गेन ६९ डेसिबल आहे, एसएम७बी सरळ लावा आणि गा. माझ्याकडे जुना आहे म्हणून नळी.

आता त्या लाल नॉबवाल्याबद्दल, कारण तो परत करताना मला खरंच वाईट वाटलं. जायच्या आदल्या दिवशी वही गायनवाली (खानदेशात डफावर गातात ती लोकगाणी) पोरं आली होती, डफ लावला. डफाला गेन लागतो कितीसा, काहीच नाही, पण मी मुद्दाम गेन दोन कट् वर नेला आणि आउटपुट खाली केलं. थापेचं टोक जे कानाला टोचतं ते गोल झालं, आणि खालचा धम् असा भरला की पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हे काम स्वच्छ प्रीॲम्प करत नाही, करूही नये. म्हणजे तो डबा फालतू नाही, तो रंगासाठी घ्यायचा, हिससाठी नाही. ज्याचं काम ढोल, डफ, संबळ, जोरात गाणारे बाप्ये, त्याने पैसे असतील तर जरूर घ्यावा. माझं निम्मं काम नुसतं बोलण्याचं, मला परवडत नाही.

आजींची फायनल टेक पहाटे साडेचारला घेतली, गल्लीतले कूलर तेव्हा जरा शांत असतात. ऐकवली तर हेडफोन दोन्ही हातांनी धरून म्हणे, "हाऊ मन्हा आवाज शे का रे भो?" आणि लगेच, "आते पंखा लाव, उकडी र्‍हायनं."

रेझिस्टरवाली पिन खिळ्याला टांगून ठेवली आहे. कोणाला पाहिजे तर करून देतो, फक्त दुपारी येऊ नका, रेकॉर्डिंग चालू असलं की कूलर बंद असतो.