पावसात घोड्यावर घालायचा रेनकोट : साडेतीन महिन्यांनंतर, आणि त्या वेल्क्रोबद्दल

काल कंपनीचं उत्तर आलं. उजव्या खांद्याच्या शिवणीवरची टेप आतून सुटायला लागली, म्हणून तक्रार केली होती. 'ग्राहकाने कोटात बदल केल्यामुळे वॉरंटी लागू नाही,' असं कळवलंय. बदल कोणता, तर मांडीच्या पट्ट्यांचं वेल्क्रो काढून मी टिचबटणं लावून घेतली. मांडीच्या बटणानं खांद्याची टेप कशी सुटते, हे मात्र लिहिलेलं नाही. ४,२०० रुपये मोजलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

नागपुरात काटोल रोडच्या बाजूला एका तबेल्यात मी आठवड्यातून तीन दिवस पहाटे रायडिंगला जाते. गेला पावसाळा मोटरसायकलच्या ९०० रुपयांच्या रेनकोटवर काढला आणि पस्तावले. घोड्यावर मांड्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे साधा कोट मागून ताणला जातो, पुढून फाकतो आणि सगळं पाणी मांडीवरून खोगिरात उतरतं. त्याची पँट तर खोगिरावर घसरते. कातडी खोगीर भिजलं की श्रावणाच्या हवेत बघता बघता बुरशी धरतं.

या कोटाला मागे कमरेखाली चीर आहे आणि तिच्यात पंख्यासारखी उलगडणारी घडी. ती खोगिराच्या मागच्या कडेवर पसरते, पुढचे पदर गुडघ्याखाली येतात आणि ते उडू नयेत म्हणून आतून मांडीला पट्टे. जुलैत एकदा पाऊण तास झोडपून पाऊस झाला. बाह्या मनगटापाशी भिजल्या, पण खोगीर आणि त्याखालचा नमदा कोरडा होता. ५,००० मिलिमीटर लिहिलेल्या (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसणाऱ्या) कापडाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त बसल्यावर जिथे दाब पडतो तिथे पाणी आधी झिरपतं, तेव्हा याहून कमी आकड्याचं घेऊ नका.

आता वेल्क्रो. पहिल्याच रविवारी पाऊस थांबला म्हणून घोडीवर बसल्या बसल्या उजवा पट्टा सोडला. चर्रर्र! घोडी जागच्या जागी बाजूला उडाली, माझा एक पाय रिकिबीतून सुटला, आयाळ धरली म्हणून वाचले. मला वाटलं, लांबच्या गडगडाटानं बुजली. बुधवारी पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मोतद्दार काका म्हणाले, "मॅडम, ते पावसाले नाही भेत. तुमच्या कोटाच्या आवाजाले भेते."

मग नीट पाहिलं. पट्ट्याला हात लागला की तिचे दोन्ही कान मागे वळायचे. घोड्याला आपल्याहून वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, त्याची ३३ च्या. नजर जवळजवळ सगळीकडे फिरते, पण थेट पाठीमागचं दिसत नाही. पाठीवरून, दिसत नसलेल्या जागेतून, काहीतरी फाटल्याचा आवाज आला तर तो प्राणी पळणारच. घोड्यासाठी म्हणून विकला जाणारा कोट कधी घोड्याजवळ उघडून पाहिला असता, तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

जुलैच्या शेवटी कोट परत करायचं ठरवलं होतं. पण आधी इतवारीत ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यानं १२० रुपयांत चारही टिचबटणं ठोकून दिली. पट्टे आतल्या बाजूला आहेत, बाहेरच्या कापडाला सुईसुद्धा लागलेली नाही. बकल मुद्दाम लावलं नाही. पडलो तर पट्टा झटक्यात सुटला पाहिजे, कोटात अडकून फरफटत जायला नको. त्यानंतर घोडी एकदाही बुजलेली नाही.

इथून माझं मत बदललं. जूनमध्ये हा कोट मला जड वाटत होता. ऑगस्टमध्ये वारा सुटला तेव्हा शेजारणीच्या हलक्या कोटाचे पदर फडफडत होते आणि तिचा घोडा दुडकीवरसुद्धा टिकत नव्हता. माझे पदर जागचे हलले नाहीत. ते वजन हवंच.

कोटाची टोपी मात्र हेल्मेटखाली घालू नका, हेल्मेट सैल बसतं. मी ती काढूनच ठेवली. घामाचं म्हणाल तर नागपुरात आतून भिजायला होतंच. काखेखालच्या चेन उघडल्या की थोडं सुसह्य होतं. धुताना साबणाची पावडर वापरू नका, मी एकदा वापरली आणि पाण्याचे थेंब ओघळायचे थांबून कापडात मुरायला लागले. उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवू नका, आतला थर चिकट होतो.

विकत घ्यायचाच असेल तर दुकानदाराला आधी विचारा, परत घेणार का. मग तबेल्यात न्या आणि घोड्याच्या मानेजवळ उभं राहून प्रत्येक पट्टा दहा वेळा उघडा. मोतद्दाराला लगाम धरायला सांगा. हे घोड्यावर बसून करू नका.

खांद्याची टेप आता दोन बोटं सुटली आहे. काढलेलं वेल्क्रो मी पिशवीत जपून ठेवलंय. त्याचा आणि खांद्याचा असे दोन फोटो लावून तिसरा मेल आज सकाळी पाठवला.