जाळीचा पिंजरा की तुसाचं खुराडं?

नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी पाच गावरान कोंबड्या आणल्या आणि वहिनी पेचात पडल्या: उंचावरचा, जाळीच्या तळाचा पिंजरा घ्यावा, की अंगणात विटांचं खुराडं बांधून खाली धानाचं तूस पसरावं?

आधी पाय. जाळीवर दिवसरात्र उभं राहून तळवा सोलवटतो, जंतू शिरतात, पाय सुजून काळी खपली धरतो. माझी एक कोंबडी अशीच लंगडायची, बघवत नसे. चार इंच कोरड्या तुसावर हा त्रास बराच कमी. फक्त बसायची दांडी फार उंच नको, उडी मारताना तळव्याला मार बसतो.

पावसाळ्यात मात्र पारडं फिरतं. ओल्या तुसात कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग पसरतो, विष्ठेत रक्त दिसतं, पिल्लं पटापट दगावतात. जाळीतून विष्ठा खाली पडते, म्हणून तिथे धोका कमी. तूस वरचेवर उकरावं लागतं, भिजलेलं लगेच काढावं लागतं.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि कोंबडीला घाम येत नाही. उघडं टिनाचं छत दोन्हीकडे घातक. वर तणसाचा जाड थर टाकून पाणी शिंपडा. मुंगसासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीही दोन्हीकडे हवीच.

रोज थोडा वेळ देता येत असेल आणि अंड्यांसाठी कोंबड्या वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील, तर तूस. फक्त गच्ची असेल किंवा पावसाळ्यात पिल्लं वाढवायची असतील, तर जाळी, पण अर्ध्या तळावर फळी टाकून. वहिनींकडे अंगण आहे. त्यांना मी तूसच सांगितलं.