सूज आल्यावर पांढऱ्या पेशी कशा धावतात ते बघायचंय? कॉम्प्युसेल-थ्रीडी वापरून बघा

इम्युनॉलॉजी आणि गणित दोन्हीची आवड असणाऱ्यांनी पेशींच्या हालचालींची कॉम्प्युटरवर नक्कल करणारं हे सॉफ्टवेअर उतरवून घ्याच. अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीतलं आहे, फुकट, ओपन सोर्स, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यात पेशीला अंग आहे. केमिकलच्या मागे जाणाऱ्या पेशींसाठीची केलर-सेगलची समीकरणं (१९७०-७१ ची) पेशींची घनता सांगतात, एकेकटी पेशी त्यात कुठे दिसतच नाही. इथे पेशी म्हणजे पिक्सेलचा पुंजका, ग्रानर आणि ग्लेझियर यांची १९९२ ची पद्धत, कडेचा एक पिक्सेल शेजारी सरकायला बघतो, त्याने मॉडेलमध्ये मोजलेली एनर्जी कमी होत असेल तर सरकतो आणि वाढत असेल तर कधीतरीच, आणि एवढ्याशा नियमावर पेशी चक्क फटीतून अंग चोरून जाते!

सोबत जंतू आणि मॅक्रोफेजचा (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीचा) तयार डेमो येतो, आधी तोच चालवा. जंतू केमिकल सोडतो, मॅक्रोफेज त्या वासाने मागे लागतो. १९५० च्या दशकात डेव्हिड रॉजर्सने रक्ताच्या थेंबात न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी) जंतूचा पाठलाग करताना शूट केला होता, ती क्लिप पाहिली असेल तर हे बघताना अंगावर काटा येतो. मग केमोटॅक्सिसचा (केमिकलच्या मागे जाण्याचा) लॅम्डा, म्हणजे त्या ओढीचा जोर, बदलून बघा. शून्यावर पेशी नुसती जागच्या जागी थरथरत भटकते, थोडा वाढवला की दिशा धरते, खूपच वाढवला तर पेशीचे तुकडे पडायला लागतात. पेशीवरचे केमिकल ओळखणारे रिसेप्टर भरून गेले की प्रतिसाद मंदावतो ना, त्याचीही सोय आहे, सॅच्युरेशनचा पर्याय घ्यायचा.

आता कमी पडतं ते सांगते. घड्याळ मिनिटांत नाही, माँटे कार्लो स्टेपमध्ये (पिक्सेल सरकवायच्या प्रयत्नांची एक फेरी) चालतं. न्यूट्रोफिल ऊतीत साधारण मिनिटाला १० मायक्रॉन जातो, त्यावरून एक स्टेप म्हणजे किती सेकंद हे आपण बसवायचं, आणि ते न करता काढलेला व्हिडिओ दिसायला कितीही सुंदर असला तरी त्यावरून वेगाबद्दल काहीही बोलू नये. दुसरं, खरी पेशी धरलेली दिशा थोडा वेळ टिकवते, साध्या मॉडेलमधली पेशी ती लगेच विसरते.

एडिटरमधला विझार्ड मॉडेलची एक्सएमएल फाइल लिहून देतो त्यामुळे सुरुवात सोपी जाते, पण पुढे पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) लागतंच. सूज ओसरताना काही न्यूट्रोफिल जखमेपासून उलटे फिरतात, झेब्राफिशच्या पिल्लांत २००६ साली दिसलंय ते, आणि तसलं काही दाखवायचं तर कुठली पेशी कधी मागे वळणार याचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल. पायथॉनची ओळख करून देणारं एखादं पुस्तक पूर्ण करून मग याकडे वळा, निम्मा त्रास वाचेल.