एज ऑफ ब्रॉन्झ: रंगीत घ्यावं की काळंपांढरं? काही महिन्यांच्या वाचनानंतर

मी रंगीत पुस्तक मागवलं होतं. पार्सलमधून निघाला काळापांढरा खंड, तोही वापरलेला. आत परदेशातल्या कुठल्याशा सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का, कण्यावर क्रमांकाची चिकटपट्टी. पैसे मात्र कोऱ्या रंगीत प्रतीचे घेतलेले. एरिक शॅनोवरच्या 'एज ऑफ ब्रॉन्झ' या ट्रॉयच्या युद्धावरच्या कॉमिक्स मालिकेचा हा दुसरा खंड, 'सॅक्रिफाइस'. पहिला खंड याच विक्रेत्याकडून रंगीत आणि कोरा करकरीत आला होता, म्हणून दुसराही तिथेच नोंदवला. तक्रार केली तर उत्तर आलं, "सर, मजकूर सेम आहे, पानंही तेवढीच आहेत." परत पाठवायचं तर टपालखर्च माझ्या माथी. जाहिरातीतल्या रंगीत पानाचा आणि हातातल्या पानाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवला, मग भाषा जरा नरमली. शेवटी अर्धे पैसे परत आले आणि पुस्तक माझ्याकडेच राहिलं. पेन्शनीतून आयात पुस्तकं घेतो, त्यामुळे उरलेले अर्धे पैसे अजून सुटलेले नाहीत. कोणाला हा संच घ्यायचा असेल तर पैसे भरण्याआधी आतल्या पानाचा फोटो मागा. मुखपृष्ठ दोन्ही आवृत्त्यांचं रंगीतच असतं.

ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट, देवांना बाहेर ठेवून, एकाच माणसाने लिहिलेली आणि काढलेली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून कथा सांगत बसत नाही. माझं आयुष्य ऑफसेटच्या छपाईत गेलं. शाई, रेघ आणि कागद यांवर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार, तेवढं चालवून घ्या.

आधी पहिल्या खंडाबद्दल. पहिले काही आठवडे तो रंगीत आहे याचंच मला समाधान होतं. या गोष्टीत माणसं फार. दाढीवाले राजे एका ओळीत उभे राहिले की अ‍ॅगमेम्नॉन कोण आणि मेनेलेअस कोण हे ओळखायला मागच्या पानांवर जावं लागतं. रंगात कपड्यांवरून, केसांवरून माणूस चटकन ओळखू येतो. ट्रॉयची माणसं आणि ग्रीक माणसं पाहताक्षणी वेगळी कळतात. शॅनोवरने ट्रॉयकरांना हित्ती, म्हणजे त्या काळच्या तुर्कस्तानातल्या लोकांच्या, शिल्पांवरून बेतलेला पोशाख दिला आहे आणि ग्रीकांना मायसीनी या जुन्या ग्रीक शहराच्या भित्तिचित्रांतला. डुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण, आठच्या आकड्यासारखी ढाल, बायकांचे थरांथरांचे घागरे, हे सगळं उत्खननातून निघालेलं आहे. संगमरवरी खांबांचं, नंतरच्या काळातलं ग्रीस इथे कुठेच नाही. तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीवर, म्हणजे ट्रॉयच्या जागी, १९८८ पासून पुरातत्त्वज्ञ मान्फ्रेड कोर्फमान यांच्या पथकाने जे खोदकाम केलं, त्यावर शॅनोवरच्या ट्रॉयचे उतरते तट आणि रस्ते उभे आहेत. तो स्वतः तिथे जाऊन आला. हे काम त्याने कसं केलं, यावर अभिजात वाङ्मय आणि कॉमिक्स यांविषयीच्या, ऑक्सफर्डने २०११ मध्ये काढलेल्या एका लेखसंग्रहात त्याचा लेखही आहे.

हे टिपण लिहायला घेतलं तेव्हा माझं मत ठरलेलं होतं: रंगीतच घ्या, जुनी काळीपांढरी आवृत्ती गळ्यात मारून घेऊ नका. आता ते मत राहिलेलं नाही. ते का बदललं, हाच या लेखाचा खरा विषय.

दुसऱ्या खंडात ग्रीकांचं आरमार ऑलिसच्या बंदरात अडकून पडलं आहे. वारा नाही. कॅल्कस हा भविष्य सांगणारा पुजारी म्हणतो की अ‍ॅगमेम्नॉनने आपल्या मुलीचा बळी दिला तरच वारा सुटेल. मग मुलीच्या आईला खोटं पत्र जातं: अकिलीसशी लग्न ठरवलं आहे, इफिजिनियाला पाठव. बाप पस्तावून दुसरं पत्र लिहितो, ते वाटेत पकडलं जातं. हा पेच ग्रीक नाटककार युरिपिडिसच्या नाटकातला. पण त्या नाटकाचा जो शेवट आपल्यापर्यंत पोहोचला आहे, त्यात देवी ऐन वेळी मुलीला उचलून नेते आणि वेदीवर हरिणी उरते. एस्किलस या दुसऱ्या नाटककाराकडे मात्र मुलगी मेली म्हणूनच आईचा सूड पेटतो. शॅनोवरने देव रंगमंचावर आणायचेच नाहीत, स्वप्नात किंवा दृष्टान्तात काय दिसेल तेवढंच, असं मालिकेच्या पहिल्या अंकापासून ठरवलेलं. त्यामुळे इथे मुलीला सोडवायला वरून कोणी येत नाही. निर्णय माणसांचा आणि रक्तही माणसांच्याच हातांवर. इरावतीबाईंचं 'युगान्त' ज्यांनी मन लावून वाचलं आहे त्यांना ही दृष्टी परकी वाटणार नाही.

ही पानं मी काळ्यापांढऱ्यात वाचली, आणि माझ्या हातात रंगीत प्रत नव्हती याबद्दल त्या विक्रेत्याचे आभार मानावेत असं त्या रात्री वाटलं. मानले नाहीत, पण वाटलं. शॅनोवर टाकाने सावली भरतो ती बारीक समांतर रेघांनी, रेघांवर रेघा टाकून. गालाचा उतार, कापडाची चुणी, पहाटेआधीचं आभाळ, सगळं केवळ रेघांच्या दाटीतून येतं. शाई कुठे जाड, कुठे केसाइतकी. गर्दीच्या चित्रात तो चेहरे गोळा करून सोडून देत नाही, मागच्या रांगेतल्या शिपायालाही डोळे असतात. ऑलिसच्या वेदीजवळच्या पानांवर हीच दाटी चढत जाते आणि मुलीच्या चेहऱ्याभोवती मात्र कागद कोरा राहतो. तो पांढरा भाग म्हणजे छापलेला रंग नव्हे, सोडलेली जागा आहे. डोळा बरोबर तिथे जातो.

मग पहिला खंड पुन्हा उघडला आणि वेगळ्याच नजरेने पाहिला. जॉन डॅलेअर यांचं रंगकाम सांभाळून केलेलं आहे, भडक नाही, मातकट आणि उन्हातलं. त्यांच्या कामात खोट काढायची नाही. पण जी सावली रेघांनी आधीच पुरी केली आहे, तिच्यावर पुन्हा रंगाची सावली बसते. रात्रीच्या प्रसंगांत निळ्याखाली रेघ दबते. भिंग घेऊन पाहिलं तर ती आहे, पण वाचताना भिंग कोण घेतं? पहिला खंड मुळात काळापांढरा कसा दिसत असेल, हा प्रश्न मग मला सोडेना. शेवटी त्याचीही जुनी प्रत शोधून घेतली, अर्थात निम्म्याहून कमी किमतीत. ओडिसियस युद्ध टाळायला वेडाचं सोंग घेऊन नांगर धरतो आणि पॅलामिडिस त्याच्या तान्ह्या मुलाला फाळासमोर ठेवतो, तो प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहा. रंगीत पानात शेत दिसतं. काळ्यापांढऱ्यात नांगर थांबलेला दिसतो.

ही चित्रं रंगीत छापायची म्हणून काढलेलीच नव्हती, हे त्यामागचं कारण. कल्पना सुचली १९९१ मध्ये. शॅनोवर बार्बरा टकमन यांचं 'द मार्च ऑफ फॉली' ध्वनिफितीवर ऐकत होता, त्यातल्या लाकडी घोड्याच्या प्रकरणावरून त्याला वाटलं की या युद्धाच्या साऱ्या परंपरा एकत्र करून एकच सलग गोष्ट सांगता येईल. पहिला अंक इमेज कॉमिक्सकडून यायला १९९८ उजाडलं. मधली वर्षं जमवाजमवीत गेली, आणि ते खंडांच्या शेवटी दिलेली संदर्भसूची पाहिली की पटतं. इमेजची स्थापना १९९२ मध्ये चित्रकारांनीच केली. तिची पद्धत अशी की हक्क निर्मात्याकडे राहतात, प्रकाशक आपली ठरावीक रक्कम घेतो आणि उरेल ते निर्मात्याचं. आगाऊ मानधन नाही. खप झाला तर पैसे, नाहीतर नाही. अशा हिशेबात चार रंगांची छपाई परवडत नाही. काळीपांढरी पुस्तिका निघत राहिली, नऊ अंक झाल्यावर त्यांचा पहिला खंड २००१ मध्ये आला, पुढच्या दहा अंकांचा दुसरा २००४ मध्ये. २००१ आणि २००३ मध्ये त्याला उत्कृष्ट लेखक-चित्रकाराचं आयझनर हे कॉमिक्समधलं मानाचं पारितोषिक मिळालं. आमच्या प्रेसमध्ये एक वडीलधारे म्हणत, बक्षिसाने कागदाचं बिल भागत नाही. इथेही तेच. घर चालवायला त्याला दुसरी कामं घ्यावी लागली: मार्व्हलसाठी ओझच्या कादंबऱ्यांची रूपांतरं, ज्यांची चित्रं स्कॉटी यंगने काढली, नंतर २०१४ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशकासाठी लिट्ल निमो या जुन्या चित्रमालिकेची नवी मालिका. तीही गाजली, त्यांनाही आयझनर मिळाले. मला त्यांचा आनंद पूर्ण घेता येत नाही, कारण तेवढे दिवस ट्रॉयच्या टेबलावरून गेले.

रंग पहिल्यांदा आले ते २०१२ मध्ये, आयपॅडवर. थ्रोअवे हॉर्स नावाच्या छोट्या संस्थेने ही डिजिटल आवृत्ती काढली. पडद्यावर रंगाला वेगळी शाई लागत नाही, चार प्लेटा लागत नाहीत, म्हणून तिथे ते जमलं. कागदावर रंगीत पहिला खंड २०१८ मध्ये उतरला. मधल्या सहा वर्षांचं आश्चर्य छपाईत काम केलेल्या कुणालाही वाटणार नाही.

आता माझी मोठी तक्रार. तिसऱ्या खंडाचं नाव 'बिट्रेयल', आणि तो एक खंड नाही. त्याचे दोन भाग आहेत, दोन वेगळी पुस्तकं, दोन वेगळ्या किमती. पहिला भाग २००८ च्या सुमारास, दुसरा २०१३ मध्ये. संकल्पित खंड सात. म्हणजे चार पुस्तकांचे पैसे मोजून तुम्ही तिसऱ्यापर्यंतच येता. ग्राहकाने हे आधी कुठे वाचायचं? मी तर दुसरा भाग मागवला तेव्हा चौथा खंड समजूनच पिशवी उघडली. आणि दुसरं: ३३ अंक होऊन गेले तरी इलियड अजून सुरू झालेलं नाही. होमरची कविता युद्धाच्या दहाव्या वर्षी उघडते. शॅनोवर तिच्याही आधीच्या पाऊलखुणा गोळा करतो आहे. चुकून मिसियावर उतरून भलत्याच देशाशी केलेली लढाई आहे, तिथल्या राजाची, टेलिफसची, न भरणारी जखम आहे, सापाने चावलेल्या फिलॉक्टिटिसला बेटावर टाकून जाणं आहे. ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस आणि क्रेसिडा यांची प्रेमकथासुद्धा आहे, जी होमरमध्ये नाहीच. ती बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवीने घडवली आणि पुढे चॉसर, शेक्सपियरपर्यंत गेली. शॅनोवरने ती टाकून दिली असती तर एका पुस्तकाचे पैसे वाचले असते.

पण तीच टाकली नाही म्हणून 'बिट्रेयल' मला शेवटी सर्वांत जास्त आवडला. कॅल्कस ट्रॉय सोडून ग्रीकांकडे गेला आहे आणि त्याची मुलगी क्रेसिडा शहरात मागे राहिली आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन गोष्टी इथे एका घराच्या भिंतीत बसतात. सांधा दिसत नाही. मध्यस्थ पँडॅरसची खटपट, क्रेसिडाची भीती, ट्रॉयलसचं कोवळं पोरवय, कशालाच मध्ययुगीन दरबाराचा वास नाही. बापाच्या फितुरीची शिक्षा मुलीने भोगायची, हे ऑलिसच्या गोष्टीशी इतकं जुळतं की आधीपासून दोन्ही एकाच लेखकाच्या असाव्यात असं वाटतं. इतकं करायला वेळ लागणारच. दोन भागांच्या किमतीवरचा माझा राग मी मागे घेत नाही, पण उशिरावरचा घेतला.

वापराच्या काही बारीक गोष्टी. मागे वंशावळी आहेत आणि नावांचे उच्चार दिलेली सूची आहे. त्या पानांवर खूणपट्टी घालून ठेवा, पहिल्या वाचनात सतत लागतात. काही नावं रोमन वळणाऐवजी ग्रीक वळणाने लिहिली आहेत, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकांशी ताडताना जरा अडखळायला होतं. माझ्या जुन्या प्रती गोंदावर बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात गोंद सैल पडतो, म्हणून पुस्तक सपाट उलगडून दाबू नका, विशेषतः जोडपानाची मोठी चित्रं पाहताना. काळ्या भागांवर घामट बोटाचे ठसे उमटतात. मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः चाळा: नग्नता आहे, शय्या आहे, रक्त आहे, आणि ती शोभेपुरती नाही.

माझ्या भाचीने पहिला खंड रंगीतच वाचला आणि तिला तोच आवडला. माणसांचा गोंधळ झाला नाही म्हणाली. नवख्या वाचकाला मी म्हणूनच आता असं सांगतो: पहिला खंड रंगीत घ्या, चेहरे ओळखीचे होऊ द्या. दुसरा आणि तिसऱ्याचे दोन्ही भाग जुने काळेपांढरे शोधा. वाचनालयाचा शिक्का असला तरी चालेल, पानं पूर्ण आहेत का एवढं पाहून घ्या. शेवटची संदर्भपानं फाडलेली प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. पाचवं पुस्तक, म्हणजे चौथा खंड, अजून आलेलं नाही. ते आलं की मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण किमतीला घेणार आहे, शॅनोवरने काढायचं थांबू नये म्हणून.